समाधानाचा उपदेश कुणी कुणाला करावा?

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी लहानपणीच शेजारी शेजारी बसवल्या जातात. पहिली म्हणजे माणसानं समाधानी असावं, आहे त्यात सुख मानावं. दुसरी म्हणजे लोकमान्य टिळक हे भारतीय असंतोषाचे जनक होते. पहिलीवर निबंध लिहून आपण मार्क मिळवतो, दुसरीवर एक ऑगस्टला भाषण करून बक्षीस. या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

‘असंतोषाचे जनक’ ही पदवी टिळकांना कुणी कौतुकानं दिलेली नाही. लंडनच्या ‘टाइम्स’चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यानं 1910 साली भारतातल्या अशांततेवर पुस्तक काढलं आणि त्यात टिळकांवर हा ठपका ठेवला. टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 मध्ये तो हरले. खर्चाचा बोजा अंगावर आला तो वेगळाच. पुढे लोकांनी तो ठपकाच गौरव म्हणून मिरवला. साम्राज्याच्या दृष्टीनं संतुष्ट हिंदी माणूस हा चांगला हिंदी माणूस होता, आणि त्याला असंतुष्ट करणारा गुन्हेगार. समाधान हीच सुखाची किल्ली आहे का, या प्रश्नाकडे बघताना मला आधी हे आठवतं. किल्ली आहे की नाही ते नंतर बघू. ती कोण कुणाच्या हातात देतंय, आणि कुलूप कुणी लावलंय, ते आधी बघायला हवं.

टिळकांनी या प्रश्नाचा विचार पुस्तकी अंगानंही केला होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ नावाचं एक प्रकरण आहे. सगळाच असंतोष टाकाऊ नाही, पुढे जाण्याची प्रेरणा त्यातूनच येते, असं त्यांनी तिथे महाभारताचे दाखले देऊन मांडलं आहे. त्यातला एक दाखला विदुलेचा. उद्योगपर्वात कुंती ही गोष्ट कृष्णाला सांगते, पांडवांपर्यंत पोचवण्यासाठी. विदुलेचा मुलगा संजय सिंधुराजाकडून हरून घरी येतो आणि हातपाय गाळून पडून राहतो. आई त्याला अशी झाडते की आजही वाचताना कान गरम व्हावेत. थोडक्यात भागलं म्हणून खूश होणाऱ्या भेकडाला ती उंदराच्या ओंजळीची उपमा देते. संतोषानं वैभवाचा नाश होतो, असं ती त्याला सुनावते.

गंमत अशी, की अगदी हेच म्हणणारा दुसरा माणूस त्याच महाभारतात आहे, आणि तो दुर्योधन आहे. राजसूय यज्ञाला इंद्रप्रस्थाला जाऊन आलेला, पांडवांचं वैभव बघून झोप उडालेला दुर्योधन. तुझ्याकडे काय कमी आहे, दुसऱ्याच्या धनावर डोळा कशाला, असं धृतराष्ट्र त्याला समजावतो, तेव्हा तो बापाला ऐकवतो की संतोष हा राजाच्या वैभवाचा शत्रू आहे. विदुलेचा आणि दुर्योधनाचा युक्तिवाद सारखाच, शब्दसुद्धा जवळपास तेच. विदुलेच्या उपदेशातून एक हरलेला मुलगा पुन्हा उभा राहतो, तर दुर्योधनाच्या हट्टातून द्यूत, वनवास आणि शेवटी अठरा अक्षौहिणींचा संहार. तेव्हा संतोष चांगला की असंतोष चांगला, असा सरसकट वाद घालून हाती काही लागत नाही. कुणाचा, कशाबद्दल आणि काय मिळवण्यासाठी, हे सांगितल्याशिवाय त्या वादाला बूडच नाही.

दुर्योधनाचा असंतोष ओळखायला सोपा आहे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. पगार वाढला याचा आनंद शेजारच्या टेबलावरच्या माणसाची वाढ कळेपर्यंत टिकतो. दोन खोल्यांत संसार सुखाचा चाललेला असतो, आणि मेहुण्यानं बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट घेतल्यावर त्याच दोन खोल्या अंगावर येऊ लागतात. मुलाला दहावीला 91 टक्के पडले हे पेढे वाटण्यासारखं असतं, पण वरच्या मजल्यावरच्या मुलीला 96 पडले हे कळेपर्यंतच. इथे कमतरता कसलीच नसते. अशा माणसाला समाधानाचा सल्ला दिला तर तो औषधासारखा लागू पडतो, आणि तो सल्ला देणाऱ्या आजी-आजोबांना मी हात जोडतो.

याला मानसशास्त्राचाही थोडाफार आधार आहे. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसं लागलेल्या 22 जणांची पाहणी केली. हे लोक इतरांपेक्षा फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणं, सकाळचा नाश्ता, अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. समाधानावर व्याख्यानं देणाऱ्यांचा हा लाडका दाखला. त्याच पाहणीत अपघातानं अपंगत्व आलेले लोकही होते. ते वाटलं होतं तितके खचलेले नव्हते, हे खरं, पण सामान्य माणसांपेक्षा कमी सुखी होतेच. हा अर्धा भाग व्याख्यानात सहसा गाळला जातो. मनाला सवय होते, पण सगळ्याचीच आणि पूर्ण होत नाही. आणि 22 जणांच्या पाहणीवर जीवनाचं तत्त्वज्ञान उभं करू नये, हेही खरंच.

आता महाभारतातल्याच तिसऱ्या जागेकडे येतो, जी मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. वनवासाची बारा वर्षं संपत आली आहेत. चार भाऊ तळ्याकाठी निपचित पडले आहेत आणि यक्ष युधिष्ठिराला प्रश्न विचारतोय. सुखांमध्ये उत्तम सुख कोणतं, या प्रश्नाला युधिष्ठिराचं उत्तर आहे, संतोष. हे उत्तर सुभाषितांच्या पुस्तकांत, फळ्यांवर, आणि हल्ली सकाळच्या व्हॉट्सअॅप संदेशांत आढळतं. पण संवाद तिथे संपत नाही. पुढे यक्ष विचारतो, सुखी कोण? या वेळी युधिष्ठिर मनाच्या अवस्थेबद्दल अवाक्षर काढत नाही. तो सांगतो, की उशिरा का होईना, जो आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखात राहावं लागत नाही, तो सुखी.

हे बोलणारा माणूस राज्य गमावून रानावनात हिंडणारा आहे. घर नसणं म्हणजे काय, हे तो पोथीतून शिकलेला नाही. त्याची मागणी अगदी माफक आहे, पक्वान्न नाही, भाजी. पण त्या माफक मागणीत दोन अटी ठाम आहेत, कर्ज नको आणि परागंदा होणं नको. पहिल्या उत्तरातला संतोष या दोन अटींच्या जमिनीवर उभा आहे. जमीन काढून घ्यायची आणि संतोष तेवढा पाठ करायला लावायचा, हा उद्योग आपण नंतर केला.

दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, नगर या भागांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, सरपण, शेळी, वर पोरंबाळं. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो. ती बहुतेक वेळा आधीच खर्च झालेली असते, कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात, कुणाच्या बोअरमध्ये. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच कर्ज. मग सहा महिने ते कर्ज अंगमेहनतीनं फेडायचं. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, ऊस बुडख्याशी तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं उडवायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. बाई पाळीत असो, गरोदर असो, कामाला सुट्टी नाही. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. राहायला उसाच्या पाचटाची नाही तर ताडपत्रीची कोपी. घरी म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली पोरं. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या नावावर.

युधिष्ठिरानं सुखाच्या ज्या दोन अटी सांगितल्या, त्या दोन्ही एकाच वेळी मोडायच्या असतील तर यापेक्षा नेटकी व्यवस्था शोधून सापडणार नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं वाढलं, की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये, पाळीची कटकट नको, हे त्यामागच्या कारणांतलं एक. आणि तरीही फडावरच्या बाईला ‘कसं चाललंय?’ विचारलं तर उत्तर बहुधा ‘बरं हाय’ असंच येईल.

या ‘बरं हाय’चं काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न आहे. माणूस स्वतः म्हणतोय ना, मग आपण कोण त्याला दुःखी ठरवणारे? असं विचारणारे लोक असतात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. दुसऱ्याच्या वतीनं दुःखी होण्याचा धंदा आपल्याकडे बराच चालतो. पण अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीचा दाखला दिला आहे, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1943 च्या भीषण दुष्काळानंतर, 1944 साली, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य संस्थेनं हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूर भागात पाहणी केली. लोकांना त्यांची तब्येत कशी आहे ते विचारलं. विधुर पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांनी, 48.5 टक्क्यांनी, आपली तब्येत वाईट किंवा जेमतेम आहे असं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या होत्या अवघ्या 2.5 टक्के. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंगालमधल्या विधवा पुरुषांपेक्षा ठणठणीत होत्या, असं कुणी म्हणणार नाही. तब्येत बरी असण्याची अपेक्षाच त्यांनी सोडून दिली होती. तक्रार करायलाही आपला काही हक्क आहे असं आधी वाटावं लागतं.

म्हणून कुणी समाधानी आहे एवढ्यावरून त्याचं बरं चाललंय असं मी मानायला तयार नाही. सिंगूरच्या विधवेचं समाधान आणि तृप्त म्हातारपणी अंगणात बसलेल्या माणसाचं समाधान, प्रश्नावलीत दोन्हींच्या पुढे एकाच रकान्यात खूण होते.

साध्या माणसांना हे कळतं, हेही सांगायला हवं. 1975 साली ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या बरोबरीनं ‘जय संतोषी माँ’ हा एक छोटा सिनेमा तुफान चालला, आणि तोवर फारशी कुणाला माहीत नसलेली देवी घराघरांत पोचली. चाळींतून, गावांतून बायकांनी सोळा शुक्रवार धरले, गूळ-फुटाण्याचा नैवेद्य दाखवला, आंबट वर्ज्य केलं. देवीचं नावच संतोषी. पण तिच्यापुढे ‘मला आहे त्यात संतोष दे’ असं मागणं मागितलेलं कुणी ऐकलंय? व्रतकथेतली सून सासरच्या छळानं गांजलेली आहे. तिला परदेशी गेलेला नवरा परत हवाय आणि छळ थांबायला हवाय. भक्तिणींनीही तेच मागितलं, नवऱ्याला नोकरी, मुलीला स्थळ, डोक्यावरचं देणं फिटणं. म्हणजे पुन्हा युधिष्ठिराचीच यादी, घर आणि कर्जमुक्ती. संतोष त्यातून आपोआप येईल, हा त्या बायकांचा हिशोब पंडितांपेक्षा पक्का होता.

युधिष्ठिराच्या यादीत मला एक भर घालावीशी वाटते. धाडस आहे, पण इलाज नाही. 1923 साली मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसह सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनं तो पुढे मान्यही केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भरलेल्या परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार आहोत असं नाही, ते न पिताही आपण आजवर जगलोच आहोत. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत, हे सिद्ध करायला आपण तिथे जातो. म्हणजे तहान हा प्रश्नच नव्हता. घरी भाजी शिजत असती, कर्ज नसतं, परगावी राहावं लागत नसतं, तरी महाडचा असंतोष तितकाच रास्त ठरला असता. तेव्हा कर्ज नको, परागंदा होणं नको, आणि तिसरं, अपमान नको. ही तिसरी अट राजपुत्र युधिष्ठिराला सुचली नाही, यात नवल नाही. शांतिपर्वात व्यास त्याला वैभवाबाबतचा असंतोष हा क्षत्रियाचा गुण म्हणून सांगतात. असंतुष्ट होण्याचा परवानासुद्धा जन्मावरून वाटला गेला होता. महाडला तो परवाना न मागता लोक गेले.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. महाडलाही तुलनाच होती ना? ते पितात, आम्हाला पिऊ देत नाहीत. मग दुर्योधनात आणि यांच्यात फरक काय? फरक असा, की महाडला ज्यांना पाणी हवं होतं त्यांना दुसऱ्या कुणाचं पाणी बंद करायचं नव्हतं. तळं तेवढंच राहणार होतं, पिणारे वाढणार होते. दुर्योधनाला मात्र पांडवांकडे काही उरायलाच नको होतं. पुढे पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार झाले, तेव्हाही त्यानं सुईच्या टोकावर मावेल एवढी माती द्यायचं नाकारलं. आपल्या असंतोषाची परीक्षा घ्यायची तर मी हीच घेईन. मला हवं ते मिळताना दुसऱ्याचं जायलाच हवं का? मेहुण्याच्या फ्लॅटनं होणारी जळजळ त्याचा फ्लॅट विकला गेल्यावर शमणार असेल, तर तो दुर्योधनाचा आजार आहे, आणि त्यावर समाधानाचा काढा घ्यावा. पाच गावांचा प्रसंग आणखीही एक गोष्ट सांगतो. समोरच्याला तुमच्या समाधानाची कदर नसेल, तर तुम्ही जितकं कमी मागाल तितकं तो आणखी कमी देऊ करतो.

आता तुकोबा, कारण समाधानाचा विषय मराठीत त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. अनंतानं ठेवलं तसं राहण्याचा त्यांचा उपदेश वेळी-अवेळी लोकांच्या तोंडावर मारला जातो. पगार मागणाऱ्याच्या, सासरहून परत आलेल्या मुलीच्या, पाण्यासाठी मोर्चा नेणाऱ्यांच्याही. पण तुकोबांनी समाधान कसं कमावलं ते बघा. देहूच्या या सावकारी-वाणकी करणाऱ्या घराला 1630 च्या सुमाराच्या महादुष्काळानं पार मोडलं. पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. पुढे विरक्ती आली तेव्हा त्यांनी केलेली पहिली व्यवहारातली गोष्ट, परंपरा सांगते ती अशी, की लोकांकडून येणं असलेल्या कर्जखतांचे दोन वाटे केले. निम्मी खतं धाकटा भाऊ कान्होबाच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. देहूच्या पंचक्रोशीतली किती कुळं त्या दिवशी अनृणी झाली असतील! धनको समाधानी झाला आणि ऋणको सुटला. समाधानाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यांनी असा मिळवला, स्वतःच्या खिशातून.

जिजाईला मात्र कुणी विचारलं नाही. तुकोबांच्या या दुसऱ्या बायकोला कीर्तनकारांनी पिढ्यानपिढ्या कजाग ठरवून हशे वसूल केले. घरात पोरं, चुलीवर काही नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, आणि तिथे त्याच्यासाठी भाकरी घेऊन चढणारी ही बाई. तिचा त्रागा मला पूर्ण रास्त वाटतो. तुकोबांच्या समाधानाचीही किंमत होती, आणि ती पुरती त्यांनी एकट्यानं भरली नाही. संतांबद्दल असं लिहिणं काहींना रुचणार नाही, पण जिजाईची बाजू घेतल्यानं तुकोबा काही लहान होत नाहीत.

पतंजलीनं योगसूत्रांत संतोषापासून सर्वोच्च सुख मिळतं असं म्हटलं आहे. पण त्यानं तो ज्या यादीत घातलाय ती नियमांची यादी आहे: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. साधकानं स्वतःला घालून घ्यायची ही बंधनं आहेत. शेजाऱ्याला घालायची नव्हेत. माझ्यासाठी समाधान सुखाची किल्ली असू शकतं, पोट भरलेलं असेल, दार माझं असेल आणि दारात कुणी माझा अपमान करत नसेल तर. बहुतेक मध्यमवर्गीय वाचकांच्या बाबतीत या अटी पुऱ्या झालेल्या आहेत, आणि त्यांनी ती किल्ली आजच फिरवून बघायला हरकत नाही. टिळकांनीही मंडालेत स्वतःच्या सुखसोयींसाठी अडून न बसता ग्रंथ लिहिला. त्यांचा असंतोष देशाच्या पारतंत्र्याबद्दल होता. स्वतःपुरतं थोडक्यात भागवणं आणि दुसऱ्यावरच्या अन्यायाबद्दल अस्वस्थ असणं, ही दोन्ही एकाच माणसात सुखानं नांदू शकतात.

तेव्हा विनंती एवढीच. मोलकरणीला, वॉचमनला, उचल मागणाऱ्याला, माहेरी परत आलेल्या भाचीला ‘आहे त्यात समाधान मान’ म्हणण्याआधी त्यांच्या डोक्यावर किती देणं आहे, त्यांना राहायला जागा कुठली आहे आणि तिथे त्यांना कुणी कसं वागवतं, हे विचारून घ्या. आणि ते देणं आपलंच निघालं, तर आधी कागद इंद्रायणीत सोडा, मग उपदेश करा.